पाहुणा एक, मागं पंधरा

यूकेच्या टूरमध्ये ब्लेनहाइम पॅलेसचा दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो माझ्या माईकचा दिवस असतो. मी टूर मॅनेजर आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे झेंडा धरून पुढे चालणं. खरं काम घड्याळ आणि संडास. ड्रायव्हरच्या टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती वेळ चालली ते नोंदवणाऱ्या यंत्रावर, साडेचार तास गाडी चालली की पंचेचाळीस मिनिटं ब्रेक द्यावाच लागतो, मग तुमचे गेस्ट सेल्फीत अडकले असोत की फ्रिज मॅग्नेटमध्ये. आणि थांब्यावर लेडीज टॉयलेट किती आहेत हे मला तिथल्या राजाच्या नावाआधी पाठ असतं. बाकी रूमिंग लिस्ट, जैन जेवण, हरवलेला पासपोर्ट हे रोजचंच, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तर ब्लेनहाइम. लंडनहून निघून ऑक्सफर्डच्या थोडं पुढे वुडस्टॉक गाव आहे, तिथे. राजाचा नाही, बिशपचा नाही, तरी ‘पॅलेस’ म्हणवणारा हा इंग्लंडातला नावाजलेला वाडा. १७०४ साली मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकने ब्लेनहाइमची लढाई जिंकली म्हणून ॲन राणीने त्याला इनाम दिलेली ही जागा, म्हणजे आपल्याकडच्या सरदारांना वतन मिळायचं तसंच की. भाडं म्हणून आजही दरवर्षी १३ ऑगस्टच्या आत एक निशाण राजाकडे पोचवायचं असतं. आणि तिथे येऊन राहिलेल्या पाहुण्यांचे किस्से हा माझा हुकमी एक्का. लंडन सुटलं की माईक हातात घ्यायचा, प्रिन्स ऑफ वेल्सपासून सुरू करायचं, मध्ये कर्झन आणायचा, चर्चिलचा जन्म, चर्चिलचं लग्न जमणं आणि शेवटी सोन्याचं कमोड. एवढं झालं की पार्किंग येतं. हे मी स्वतः वाचून, जुळवून बसवलेलं आहे, ऑफिसने दिलेल्या कागदावर फक्त ‘चर्चिल बर्थप्लेस, फोटो स्टॉप’ एवढंच असतं. आमच्या ऑफिसात बसून आयटिनररी बनवणाऱ्यांनी एकदा तरी कोचमध्ये शेवटच्या सीटवर बसून दहा दिवस काढावेत असं माझं फार जुनं मत आहे, पण ते असो.

त्या ग्रुपमध्ये सातारा-सांगली पट्ट्यातले एक काका होते, सत्तरीच्या पुढचे, मुलगी आणि जावयाबरोबर आलेले. पांढरा शर्ट, वर स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर. टूरभर एक शब्द नाही. फक्त प्रत्येक हॉटेलात सकाळी खोली सोडताना हे गृहस्थ बेडवरची चादर ओढून सरळ करायचे, टॉवेल एका जागी गोळा करून ठेवायचे, मुलगी ओरडायची, ‘बाबा, त्यांची माणसं आहेत ना!’ मी म्हटलं असेल सवय.

कोचमध्ये चर्चिलचं नाव घेतल्यावर नेहमीची ठिणगी पडलीच. प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक निवृत्त मास्तर असतातच, ते मागून म्हणाले, १९४३ ला बंगालात तीसेक लाख माणसं अन्नावाचून गेली तेव्हा हाच पंतप्रधान होता, त्याचा पाळणा बघायला आम्ही पैसे मोजायचे का? मुद्दा बरोबर आहे आणि मी तो कधी खोडत नाही. मग दुसरे कोणीतरी म्हणाले, हिटलरला कोणी हरवलं? झालं, ऑक्सफर्ड येईपर्यंत तेच. मला याचा त्रास होत नाही, लोक जागे राहतात.

पॅलेसमध्ये आम्हाला गाइड म्हणून एक इंग्लिश आजीबाई मिळाल्या, ती बाई सोन्यासारखी होती हे आधीच सांगतो, कारण तिथे घड्याळ बघत पाठ केलेलं म्हणणारेही भेटतात. ग्रेट हॉल, वर सदुसष्ट फूट छत, थॉर्नहिल नावाच्या चित्रकाराने रंगवलेलं, सगळ्यांच्या माना वर. मग बाजूच्या लहानशा खोलीत नेलं. पितळी पलंग, तिथे चर्चिल जन्मला. खरं तर त्याचे आईवडीलही त्या घरात पाहुणेच. वडील ड्यूकचे धाकटे चिरंजीव, त्यामुळे घर मोठ्या भावाला जाणार. आई जेनी, न्यूयॉर्कची. ती शिकारीच्या मंडळींबरोबर बाहेर हिंडली, खडबडीत रस्त्याने छोट्या घोडागाडीत बसून आली आणि कळा सुरू झाल्या. लंडनचा डॉक्टर वेळेत येणं शक्य नव्हतं, गावातला डॉक्टर बोलावला, आणि ३० नोव्हेंबर १८७४ ला मध्यरात्रीनंतर दीड वाजता पोरगा झाला. बाळंतविड्याची तयारी सगळी लंडनला, इथे अंगावर घालायला झबलं नाही, म्हणून वुडस्टॉकमधल्या वकिलाच्या बायकोने स्वतःच्या येणाऱ्या बाळासाठी जमवलेले कपडे उसने दिले.

हे मी मराठीत सांगितल्याबरोबर आमच्या बायकांनी खोलीचा ताबा घेतला. पहिलं बाळंतपण माहेरी का नाही? माहेर दूर, परदेशात. मग आईने यायला नको? लग्न कधी झालं होतं? मी म्हटलं १५ एप्रिल १८७४, पॅरिसला. एक मिनिट शांतता, बोटं चालू, आणि मग एक मावशी म्हणाल्या, ‘साडेसात महिने.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘घोडागाडी म्हणे!’ आणि सगळ्या जणी अशा हसल्या की बाजूच्या जपानी ग्रुपनेही वळून बघितलं. गाइड आजीने मला विचारलं काय झालं, मी सांगितलं, ती म्हणाली हा हिशेब इथे रोज कोणी ना कोणी करतंच. तिथे काचेत चर्चिलच्या पाच वर्षांच्या वयाच्या कुरळ्या बटा ठेवल्यात, बाळपणीची बंडी आहे, सगळ्यांनी फोटो काढले.

याच्या जवळच ते सोन्याचं कमोड बसवलं होतं. मॉरिझिओ कॅटेलान नावाच्या इटालियन कलाकाराचं, अठरा कॅरेटचं, चालू नळजोडणीसकट, लोकांना वापरायलाही मिळायचं. १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चोरांनी उखडून नेलं, नळ तुटले आणि पाणी घरभर. सोनं आजपर्यंत मिळालेलं नाही. हा किस्सा कधीही पडत नाही, लोक पोट धरून हसतात. त्या दिवशीही हसले, आणि त्या हसण्यातून काकांचा आवाज आला, टूरमधला पहिला.

‘साफ कोण करायचं?’

मला कळेना. ते म्हणाले, ‘आवं, सोन्याचं असलं तरी हागायचंच की त्यात. साफ करणाऱ्या माणसाला काय वाटत असंल. घासायचं कशानं? ॲसिड तर चालायचं न्हाई.’

आजीला विचारलं. तिला माहीत नव्हतं, पण तिने हा प्रश्न झटकला नाही, आणि तिथून पुढची टूर माझ्या हातातून गेली. काकांचा बांध फुटला होता. सलूनमध्ये, म्हणजे मेजवानीच्या दालनात आलो, लागेर नावाच्या चित्रकाराने भिंतींवर काढलेल्या चित्रांपेक्षा काका टेबलाकडे बघत उभे. हे जेवणघर ना, मग स्वैपाकघर कुठं? आजी म्हणाली तुम्ही आत शिरताना जो पूर्वेचा चौक ओलांडून आलात तो किचन कोर्ट, स्वैपाक तिकडे व्हायचा. काका मागे वळले, नजरेने ग्रेट हॉल, बाहेरचं अंगण, पलीकडचा चौक असं सगळं मोजलं आणि म्हणाले, ‘मग पाहुण्याला गरम कधी मिळालंच नसंल. रस्सा तर वाटंतच निवणार. झाकण्या चांगल्या असतील तर डाळ तेवढी टिकंल.’ घर बांधणारा व्हॅनब्रू आधी नाटककार होता, त्याने नाटकाचा सेट बांधल्यासारखं घर बांधलं असं मी माईकवर नेहमी सांगतो, पण स्वैपाकघरापासून ताटापर्यंतचं अंतर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता कन्सुएलोची गोष्ट. ही अमेरिकेतल्या गडगंज व्हँडरबिल्टांची मुलगी, १८९५ ला अठराव्या वर्षी आईच्या दबावाखाली नवव्या ड्यूकशी लग्न लावून दिलेली, हुंड्यात पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. लग्नाला वर्ष होतंय तोवर, नोव्हेंबर १८९६ ला, प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, लवाजम्यासकट शिकारीला आला. त्या मुक्कामाचा ग्रुप फोटो प्रसिद्ध आहे, त्यात बाल्फोर आहे जो पुढे पंतप्रधान झाला, आणि आपल्या बंगालची फाळणी करणारा जॉर्ज कर्झनही आहे, तेव्हा अजून व्हाइसरॉय व्हायचा होता. माझ्या स्क्रिप्टमध्ये इथे टाळी असते. आजीने मात्र काकांचा कल ओळखून वेगळंच सांगितलं. पाहुणे तीसेक, पण त्यांची नोकरमाणसं धरून त्या दिवसांत शंभरावर माणसं घरात होती आणि त्या सगळ्यांच्या खोल्या आणि जेवणाची जबाबदारी ह्या एकोणीस वर्षांच्या पोरीवर. बायका दिवसातून चारदा कपडे बदलायच्या, चार दिवसांच्या मुक्कामाला सोळा पोशाख लागायचे. आणि खोल्या झाडणाऱ्या मोलकरणी राहायच्या वर मनोऱ्यात, तिथे नळाचं पाणीच नव्हतं.

मी भाषांतर करत होतो आणि काका माना डोलवत होते, एखाद्या जुन्या ऑफिसमधल्या माणसाची खबर ऐकावी तसे. ‘बरोबर. पाहुणा एक, मागं पंधरा. पीए, गनमॅन, ड्रायव्हर, शिवाय तालुक्यातनं भेटायला येणारी. सायेब दोन पोळ्या खाणार, पण कणीक मळायची पंधरा किलो.’

तेव्हा जावयाने सांगून टाकलं. सासरे पस्तीस वर्षं शासकीय विश्रामगृहात खानसामा होते. बांधकाम खात्याचा जुना डाक बंगला, इंग्रजांच्या काळातला, महाराष्ट्रातले झाडून सगळे मोठे नेते तिथे मुक्कामाला येऊन गेलेत, ह्यांच्या हातचं जेवलेत.

तुम्ही कल्पना करू शकता काय झालं असेल. लाँग लायब्ररीत उभे आहोत, एकशे ऐंशी फूट लांब खोली, समोर अवाढव्य ऑर्गन, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला इथे शाळेच्या पोरांच्या खाटा मांडल्या होत्या, नंतर एमआय-फाइव्ह, म्हणजे ब्रिटिश गुप्तचर खातं, येऊन राहिलं, हे सगळं आजी सांगतेय आणि माझा अख्खा ग्रुप काकांभोवती. अमके आले होते का? पित होते का? कोणाबरोबर यायचे? मास्तरही त्यात. काका म्हणाले, ‘व्हय, यायचे.’ पुढे? पुढे काही नाही. ‘पाहुण्याचं खोलीतलं भाईर बोलायचं नसतं.’ कोणीतरी म्हणालं, अहो ते गेले आता, चाळीस वर्षं झाली. काका म्हणाले, ‘गेले तरी पाहुणेच की.’

मी मध्ये पडून कन्सुएलोचंच उदाहरण दिलं, म्हटलं काका, ह्या बाईचं लग्न कसं मोडलं ते पुस्तकात आलंय, आपण सगळे तेच ऐकतोय. त्यांनी विचारलं कोणी लिहिलं. मी म्हटलं तिने स्वतः, म्हातारपणी. ‘मग तिचा हक्क. स्वयंपाक्यानं लिहिलं असतं तर मी त्याला कामावर ठेवलं नसतं.’ जावई चिडला, तो पत्रकारितेतला आहे. म्हणाला, तुम्ही सगळे असे गप्प बसलात म्हणून ते लोक मोकाट सुटले. काकांनी त्याच्याकडे बघितलं पण उत्तर दिलं नाही. मला त्या क्षणी दोघेही बरोबर वाटले, आजही वाटतात, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

बरं, एवढ्यात कोणीतरी ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर टाकलं होतं की आपल्यात एक खानसामाकाका आहेत. आमच्या ऑफिसच्या सोशल मीडिया टीममधली एक व्यक्ती अशा प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असते. पॅलेसबाहेर पडेपर्यंत मला मेसेज: ‘काकांची रील हवी. नेत्यांचे दोन-तीन किस्से, बॅकग्राउंडला पॅलेस. व्हायरल होईल. आजच पाठवा.’ मी कळवलं की ते सांगत नाहीयेत. उत्तर आलं, ‘यू आर द टूर मॅनेजर, मॅनेज करा.’ ह्या वाक्याबद्दल माझं जे मत आहे ते इथे लिहिण्याजोगं नाही.

काकांना मी सरळ सांगितलं, ऑफिसला तुमचा व्हिडिओ हवाय, नको असेल तर नको म्हणा, मी बघतो. मला वाटलं नाहीच म्हणतील. ते म्हणाले, ‘काढा की. कुटं उभं राहू?’ मुलगीसुद्धा चकित. त्यांनी वरचा स्वेटर काढला, शर्टाची बटणं लावली, खिशातला कंगवा फिरवला, आणि स्वतःच जागा निवडली, पूर्वेचा दरवाजा. आत येताना आम्ही ज्या कमानीखालून आलो होतो ती. मी म्हटलं काका, इथे मागे पॅलेस दिसत नाही. ते म्हणाले, ‘इथंच.’

कारण असं की मधल्या वेळात त्यांनी आजीकडून एक गोष्ट काढून घेतली होती, जावयाला दुभाषा करून. त्यांचा प्रश्न होता, मोलकरणींना नळ नव्हता ते ठीक, पण एवढ्या घराला मुळात पाणी यायचं कुठून? आणि उत्तर असं की तो ईस्ट गेट नुसता दरवाजा नाही. वर पाण्याची टाकी आहे. खाली तळ्यावरच्या मोठ्या पुलात यंत्र बसवलेलं होतं, ते पाणी चढवून ह्या कमानीच्या डोक्यावर आणून सोडायचं, आणि इथून ते घरात उतरायचं. मी इतकी वर्षं त्या टाकीखालून माणसं मोजत आत घेतोय.

व्हिडिओ सात मिनिटांचा झाला. काकांनी कॅमेऱ्यात बघून नमस्कार केला आणि सुरू झाले. ही टाकी. उंचावर का बांधली, कारण उतार पायजे. आमच्या बंगल्याला विहीर होती, रहाट होता, नंतर मोटर आली पण लाइट नसायची. सायबाचा दौरा आहे असा निरोप रात्री यायचा, कधी यायचाच नाही आणि गाडीच दारात. पहाटे साडेतीनला तांब्याचा बंब पेटवायचा, बाभळीची ढलपी आधी, मग कोळसा, धूर सायबाच्या खिडकीकडं जायला नको म्हणून वारं बघून बंब हलवायचा. बंबाला राखेनं आणि चिंचेनं घासायचं, तोंड दिसलं पायजे. बादली दोन तृतीयांश भरायची, वर गार पाणी वेगळं द्यायचं, कारण कोणाला किती कडक लागतं ते आपण ठरवायचं न्हाई. सायबाचं झालं की पीए, मग गनमॅन. ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी, तोवर बंब संपलेला. मी ड्रायव्हरसाठी एक बादली घोंगडी गुंडाळून बाजूला ठेवायचो. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी ती घोंगडी हवेत गुंडाळून दाखवली, वरची गाठसुद्धा मारली.

मी नोकरीचा धर्म म्हणून शेवटी विचारलं, काका, एखाद्या मोठ्या पाहुण्याची एक तरी आठवण? ते थांबले. म्हणाले, ‘एक व्हते. राज्यातलं लई मोठं नाव. सकाळी खोलीत गेलो तर अंथरुणाची घडी त्यांनी स्वतः घातल्याली. पस्तीस वर्षांत एकच माणूस. नाव न्हाई सांगणार, कारण मग बाकीच्यांनी घातली न्हाई हे बी सांगितल्यासारखं व्हतंय.’

कोचमध्ये ह्यावरून जे पेटलं ते चर्चिलवरूनही पेटलं नव्हतं. कोण असेल तो? प्रत्येकाने आपापल्या पक्षाचा नेता पुढे केला, मास्तर तर हमरीतुमरीवर आले. नावं लिहीत नाही, उगाच इथेही तेच लागायचं. काका खिडकीला डोकं टेकून झोपले होते. त्या गडबडीत निघायला बारा मिनिटं उशीर झाला, संध्याकाळच्या रेस्टॉरंटवाल्याने आमचा स्लॉट दुसऱ्या ग्रुपला दिला आणि गेस्टनी पुढचा पाऊण तास मला ऐकवलं, तो भाग सोडतो.

ऑफिसने व्हिडिओ नापास केला. ‘काका गोड आहेत पण कन्टेन्ट नाही, घडीवालं वाक्य ठेवून वर मोठ्या अक्षरात कोण असेल ओळखा टाकू या का?’ असं विचारलं. मी म्हटलं काकांची परवानगी लागेल. मग विषय पडला, कारण तोपर्यंत दुसऱ्या ग्रुपमध्ये एका जोडप्याने आयफेल टॉवरसमोर लावणी केली होती.

जावयाचा नंतर फोन आला होता, व्हिडिओ मागायला. सासऱ्यांना तो विश्रामगृहातल्या आताच्या खानसाम्याला दाखवायचाय. तिथे आता गीझर आहेत, ड्रायव्हरच्या खोलीत मात्र अजून नाही, आणि ती बादलीची गोष्ट त्याला कळावी असं त्यांचं म्हणणं. फोन ठेवताना जावई म्हणाला, घरी आल्यापासून मी रोज विचारतोय कोण ते, आणि आता सासूबाई मला वाढायच्या बंद झाल्यात.

मी माईकवर बदल केलाय. ईस्ट गेट आला की टाकी सांगतो, पुलातलं यंत्र सांगतो, मनोऱ्यातल्या मोलकरणी, पंधरा किलो कणीकसुद्धा सांगतो, गावाचं नाव न घेता. पुढच्या तीन रांगा ऐकतात. मागचे फोनमध्ये असतात. मग सोन्याचं कमोड काढतो आणि सगळी बस जागी होते. साफ कोण करायचं हे मात्र अजून एकाही गेस्टने विचारलेलं नाही, मीच विचारतो.